गाडीच्या टपावरचे घरगुती कॅरियर

मोटारीच्या टपावर सामान बांधण्यासाठी बसवलेल्या लोखंडी सांगाड्याला महाराष्ट्रात सगळीकडे कॅरियर म्हणतात. त्याची रचना साधी असते. टपाच्या दोन्ही कडांना धरून ठेवणारे पाय, त्या पायांवर टेकलेले दोन आडवे दांडे आणि दांड्यांवर सामानासाठी पाइपांची जाळी, एवढेच त्यात असते. बाजारात तयार मिळणाऱ्या कॅरियरला काही हजार रुपये पडतात. वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतले तर लोखंडाचा खर्च हजाराच्या आतबाहेर राहतो, मजुरी वेगळी. काम स्वस्तात होते आणि चांगलेही होते, पण एका अटीवर : जाळीवर हवी तितकी काटकसर करावी, पायांवर अजिबात करू नये.

टेंभुर्णीसारख्या गावात अशा कॅरियरची गरज नेहमीची आहे. माढा तालुक्यातले हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे. येथूनच पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळ्याकडे रस्ते फुटतात. उजनी धरण जवळ असल्याने भोवती ऊस आणि केळी आहेत. पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या गाद्या, खाटा, धान्याची पोती, आषाढी-कार्तिकीला निघालेल्या कुटुंबाचे अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी, शेतावर न्यायची ठिबकची बंडले हे सारे छोट्या गाडीच्या डिकीत मावत नाही. टेम्पो ठरवावा इतके ते सामान नसते आणि मांडीवर घेऊन बसावे इतके थोडेही नसते. दुसरीकडे, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कामामुळे गावोगावी वेल्डिंगची दुकाने आहेत. चौकोनी पाइप कापून जोडणे हे त्यांचे रोजचेच काम आहे.

जुन्या गाड्यांवर कॅरियर बसवणे सोपे होते. अँबॅसेडर, कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, मारुती ओम्नी, आकुर्डीची ट्रॅक्स या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ बाहेर दिसत असे. या पन्हळीत पाय टेकवायचे आणि खालून वाकवलेली पट्टी बोल्टने आवळायची, की कॅरियर बसले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवरची कॅरियरे याच पद्धतीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने त्या टॅक्सी बंद झाल्या. ग्रामीण भागात वडापाच्या जीपच्या टपावर पोती, सायकली, कोंबड्यांची खुराडी आणि कधीकधी माणसेही दिसत. माणसे बसवणे तेव्हाही चूक होते आणि आजही आहे, मात्र पन्हळीची पकड किती भक्कम होती हे त्यावरून कळते.

आजच्या गाड्यांना अशी पन्हळ नसते. टप आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतो तिथे एक अरुंद खाच असते आणि तिच्यावर काळी रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. काही गाड्यांत या पट्टीखाली कंपनीनेच बोल्टसाठी आटे पाडलेली भोके ठेवलेली असतात. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढून प्रथम हे पाहावे. भोके असतील तर निम्मे काम झाले, पाय थेट तिथे बसवता येतात. काही मोठ्या गाड्यांच्या टपावर लांबीच्या दिशेने दोन दांड्या असतात. त्यांतल्या काही केवळ शोभेच्या असतात व वजन पेलत नाहीत. तेही पुस्तिकेतच कळते.

याच पुस्तिकेत टपावर किती वजन चालेल याचा आकडा असतो. छोट्या गाड्यांसाठी तो बहुधा ३० ते ५० किलोंच्या दरम्यान असतो आणि कॅरियरचे स्वतःचे वजन त्यातच धरायचे असते. ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. मधोमध तळहाताने दाबला तरी तो लवतो. ताकद असते ती कडेच्या चौकटीत, विशेषतः दारांमधले खांब जिथे टपाला मिळतात तिथे. म्हणून पाय नेहमी कडेला आणि शक्यतो या खांबांच्या जवळ यावेत. टपाच्या मध्यावर रबर ठेवून त्यावर सांगाडा टेकवणे म्हणजे पत्र्याला खड्डा पाडून घेणे.

भोके नसलेल्या गाडीत पाय दाराच्या चौकटीला पकडावे लागतात. दार उघडल्यावर वर चौकटीची कड दिसते. त्या कडेखाली जाईल अशी वाकवलेली पट्टी आणि टपाच्या कडेवर टेकणारा रबरी गादीचा पाय, यांच्यात बोल्टने ताण द्यायचा. पट्टी इतकी जाड नको की दार लागणार नाही आणि इतकी बारीकही नको की ओढ पडल्यावर सरळ होईल. सुमारे दोन मिलिमीटर जाड, एक इंच रुंद स्टेनलेस स्टीलची पट्टी बहुतेक गाड्यांना चालते. पट्टी वाकवण्याआधी जाड तार किंवा पुठ्ठा चौकटीवर दाबून त्या आकाराचा नमुना काढावा. चारही पायांना एकच नमुना चालेल असे धरून चालू नये, कारण पुढच्या आणि मागच्या दारापाशी टपाचा उतार वेगळा असतो. पंक्चरवाल्याकडे मिळणारी ट्रकची जुनी ट्यूब गादीसाठी उत्तम. तिचे दोन-तीन थर पायाखाली आणि एक थर पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवावा. बोल्ट आठ मिलिमीटरचे, खाली वायसर आणि वर नायलॉक नट असे घ्यावेत. साधा नट खडबडीत रस्त्यावर हळूहळू सैल होतो.

सांगाड्यासाठी एक इंची चौकोनी पाइप सोयीचा. तो गेजवर मिळतो आणि किलोवर विकला जातो. १६ गेजचा पाइप मीटरला साधारण १.२ किलो भरतो आणि १८ गेजचा ०.९ किलो. चार फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि पाच आडव्या दांड्यांच्या सांगाड्याला २४ फूट, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास पाइप लागतो. १६ गेजमध्ये त्याचे वजन साडेआठ किलोंवर जाते, १८ गेजमध्ये साडेसहा. पाय आणि बोल्टांचे दोन किलो वेगळे. ज्या दोन दांड्यांना पाय जोडायचे ते १६ गेजचे आणि बाकी सगळे १८ गेजचे, अशी वाटणी केली तर ताकदही राहते व वजनही आटोक्यात येते. चारी बाजूंनी पाइपाचा उंच कठडा करण्याची हौस टाळावी. त्याने आणखी चार-पाच किलो वाढतात, म्हणजे तेवढे सामान कमी. दोरी अडकवायला आठ मिलिमीटरच्या सळीच्या कड्या वेल्ड केल्या तरी पुरते.

अर्धा इंची पाण्याचा जीआय पाइपही वापरता येतो, तो १६ गेजच्या चौकोनी पाइपाइतकाच जड असतो. मात्र त्याच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगआधी घासून काढावा लागतो, कारण जळणाऱ्या जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीला बाधतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचे, पण गावातल्या साध्या वेल्डिंग मशिनवर ते नीट जोडता येत नाही. नट-बोल्टने जोडायचे असेल तरच घ्यावे. प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपांची जाळी बनवण्याचा मोह काहींना होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात तापलेल्या टपावर तो पाइप मऊ पडून वाकतो. पीव्हीसीचा विचार सोडून द्यावा. लाकडाचे दोन चौकोनी दांडे मात्र एखाद्या दिवसाच्या कामाला चालतात.

पातळ पाइपाला जाड रॉडने वेल्डिंग केले की भोके पडतात. बारा नंबरचा रॉड आणि कमी करंट घेऊन थोडे थोडे टाके मारत काम करावे लागते. आधी चारही कोपरे फक्त टाचून घ्यावेत, कर्ण मापून दोन्ही सारखे आहेत हे पाहावे आणि मगच पूर्ण वेल्ड मारावे, नाहीतर उष्णतेने सांगाडा पिळतो आणि चारपैकी एक पाय कायम अधांतरी राहतो. पाइपांची उघडी तोंडे पत्र्याचे तुकडे लावून बंद करावीत. वेल्डवरची खपली ठोकून काढावी, ग्राइंडर फिरवावा, रेडऑक्साइडचे दोन हात द्यावेत आणि वर ऑइलपेंट. टप आणि सांगाड्याचा मधला भाग यांच्यात दीड-दोन इंचांची मोकळी जागा हवी, कारण ओझ्याने दांडे थोडे लवतात.

तयार सांगाडा गाडीवर चढवण्याआधी जमिनीवर पारखावा. पाय येतात त्याच चार ठिकाणी विटा ठेवून त्यावर तो ठेवावा आणि सिमेंटची दोन पोती, म्हणजे शंभर किलो, त्यावर टाकावीत. ५० किलोंच्या कॅरियरची परीक्षा शंभर किलोंवर का, तर खड्ड्यात आदळताना सामानाचा भार क्षणभर दुप्पट होऊ शकतो. सांगाडा लवून परत सरळ झाला तर ठीक, वाकलेलाच राहिला तर दांडे जाड घ्यावेत. दुसरी परीक्षा गाडीवरची. रिकामे कॅरियर दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि आडवे जोरात हलवावे. संपूर्ण गाडी हलली पाहिजे. गाडी जागेवर राहून नुसते कॅरियर हलले तर पायांचे काम अपुरे आहे आणि त्यावर एक किलोही बांधू नये.

पायांवर एवढा भर देण्याचे कारण वाऱ्यात आहे. वाऱ्याला छातीवर घेणारा एक चौरस मीटरचा सपाट फळा ताशी ४० किलोमीटरला साधारण ७ किलोंच्या जोराने मागे ढकलला जातो. ताशी ८० ला हा जोर ३० किलोंवर जातो आणि १०० ला ४५ वर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावातल्या रस्त्यावर पक्के वाटणारे ओझे महामार्गावर सुटते ते यामुळेच. गादी किंवा प्लायवूड यांसारख्या सपाट वस्तूंची पुढची कड जरा जरी उचलली गेली तरी वारा खाली शिरतो आणि त्या वर उडू पाहतात. अशा वस्तू आडव्या दोऱ्यांनी कितीही आवळल्या तरी पुरत नाही. पुढच्या कडेपासून गाडीच्या पुढच्या टोइंग हुकापर्यंत एक दोरी खाली ओढून बांधावीच लागते, आणि तशीच एक मागे. जोरात ब्रेक लावला तर ५० किलोंचे सामान जवळजवळ ४० किलोंच्या जोराने पुढे झेपावते. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यासाठी सुटलेली गादी किंवा फळी जिवावर बेतते, म्हणून या कामात कुणी 'चालतंय की' म्हणू नये.

दोरीची निवडही महत्त्वाची. नायलॉनची दोरी मजबूत, पण ताणली जाते आणि भिजल्यावर आणखी सैलावते. सुतळी उन्हात-पावसात लवकर कुजते. दोरीला मध्येच फास करून त्यातून शेंडा ओढून आवळण्याची ट्रकवाल्यांची गाठ शिकून घ्यावी, तिने हातानेच दुप्पट ताण देता येतो. रॅचेटचा पट्टा त्याहून चांगला. सपाट पट्टा वाऱ्यात घुमतो, त्याला एक पीळ देऊन बांधला की आवाज थांबतो. गोल पाइपाच्या दांड्याचा घूंघूं आवाजही त्याभोवती अंतर ठेवून दोरी गुंडाळल्याने कमी होतो. सामान सुटसुटीत ठेवून वर ताडपत्री घालायची असेल तर तिच्या कडा आत दुमडाव्यात, नाहीतर तिचीच शिडे होतात. निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून सगळे ताण पुन्हा पाहावेत, कारण धक्क्यांनी सामान बसते आणि दोरी सैल पडते. टेंभुर्णीहून पुण्याकडे जाताना सरडेवाडीच्या आणि सोलापूरकडे जाताना वरवड्याच्या टोलनाक्यापुढे बाजूला थांबून पुन्हा एकदा हात फिरवावा.

टपावर ५० किलो चढले की सुमारे ९०० किलोंच्या छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य पाच-सहा सेंटिमीटर वर सरकतो. वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून वेग कमी ठेवावा. जड वस्तू डिकीत, हलक्या पण मोठ्या आकाराच्या वस्तू टपावर, हाच क्रम योग्य. गॅसची टाकी, पेट्रोलचा कॅन टपावर कधीच नको.

लांबीचा प्रश्न वेगळा. शेतासाठी आणलेले २० फुटी पीव्हीसी पाइप साडेतीन मीटरच्या गाडीवर ठेवले तर अडीच मीटर बाहेर लोंबतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे ठरलेल्या मर्यादेपलीकडे पुढे, मागे, बाजूला किंवा वर निघालेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याच्या खर्चाची जबाबदारीही. पाइप न्यायचे तर छोटा हत्तीच ठरवावा.

कायद्याची दुसरी बाजू गाडीतल्या बदलांची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचे कॅरियर बसवू नये. तसे केल्याने पत्र्यातून पाणीही आत झिरपते आणि गंज धरतो. बोल्ट सोडले की उतरणारे कॅरियरच करावे आणि ते बसवण्याआधी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारून घ्यावे. काम झाले की कॅरियर उतरवून ठेवावे. रिकामे कॅरियरही वारा अडवते आणि तेल खाते.