वित्त-तंत्रज्ञान कंपनीतील मुलाखत : आपल्या मुलामुलींचे अनुभव



पूर्वी आपल्या घरांतून नोकरी म्हटले की रेल्वे, पोस्ट, बँक आणि शाळा एवढीच नावे निघत. आता त्यांत मोबाईलवरून पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्यांची भर पडली आहे. त्यांना फिनटेक कंपन्या म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय सुरू केल्यानंतर हा व्यवसाय झपाट्याने वाढला. अशा कंपन्यांत मुलाखतीला जाऊन आलेल्या आपल्या काही मुलामुलींशी आम्ही बोललो. कोणाची निवड झाली, कोणाची झाली नाही. त्यांच्या सांगण्यातून जे हाती आले ते येथे देत आहोत.

निवड बहुधा तीन-चार टप्प्यांत होते. प्रथम संगणकावर परीक्षा असते व तीत प्रोग्रॅम लिहावे लागतात. त्यानंतर एक-दोन वेळा अभियंत्यांसमोर तांत्रिक मुलाखत आणि शेवटी व्यवस्थापकांशी बोलणे होते. पहिल्या टप्प्याची तयारी आपली मुले चांगली करतात. अडतात ती दुसऱ्या टप्प्यावर, कारण तेथील प्रश्न पुस्तकातले नसून पैशाच्या व्यवहारातले असतात.

एक प्रश्न अनेकांना विचारला गेला. ग्राहकाने पाचशे रुपये पाठविण्याचे बटण दाबले, तेवढ्यात नेटवर्क गेले, म्हणून त्याने पुन्हा दाबले. पैसे दोनदा जाऊ नयेत यासाठी काय कराल? उत्तर असे की, व्यवहार सुरू होतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा व बटण कितीही वेळा दाबले तरी तोच क्रमांक पुढे जावा. तो क्रमांक आधी नोंदलेला असेल तर नवी वजावट न करता जुन्याच व्यवहाराची स्थिती कळवावी. दोन्ही मागण्या एकाच क्षणी आल्या तर केवळ तपासून भागत नाही. एकाच क्रमांकाची दुसरी नोंद डेटाबेसनेच नाकारली पाहिजे. यालाच आयडेम्पोटन्सी म्हणतात. नाव अवघड, गोष्ट साधी.

दुसरा प्रश्न हिशोबाचा. रक्कम दशांश अपूर्णांकात का ठेवू नये? कारण संगणकाच्या नेहमीच्या द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतात. तसेच एका खात्यावर नावे पडले की दुसऱ्यावर जमा झालेच पाहिजे. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. एका मुलीने हे उत्तर चटकन दिले. तिची आई बचत गटाची वही लिहीत असे आणि बेरजा ही मुलगी तपासत असे. घरातील हे ज्ञान कमी लेखू नका.

तिसरी गोष्ट नियमांची. यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेले पैसे खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी आपोआप परत यावेत आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ठरवून दिले. ग्राहकसेवा व तक्रार निवारण या जागांसाठी जाणाऱ्या वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी असे नियम अवश्य वाचावेत.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. एका मुलाला वरील पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत होते. परंतु इंग्रजी वाक्य जुळेना, म्हणून तो गप्प राहिला. परीक्षकांनी त्याला उत्तर येत नाही असे समजून पुढचा प्रश्न घेतला. आठवड्याने नकार आला. घरी त्याने तेच उत्तर आम्हाला मराठीत न अडखळता सांगितले. मित्रहो, परीक्षकाला आपल्या डोक्यातले दिसत नाही. तुटक बोला, कागदावर आकृती काढा, विचार करण्यास दोन मिनिटे मागा, पण गप्प बसू नका.

पालकांनाही एक सूचना. नोकरी देण्यापूर्वी अनामत, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी, ज्यांना नोकरी लागली आहे त्यांना आमची विनंती. रविवारी दोन तास संस्थेच्या सभागृहात या, परीक्षकाच्या खुर्चीत बसा आणि धाकट्या भावंडांना प्रश्न विचारा. पहिली चूक त्यांनी आपल्या माणसांसमोर करावी, म्हणजे परक्यांसमोर त्यांचा आवाज बसणार नाही.