दोघांचा पन्हाळा, वीसजणांचा पन्हाळा

कोल्हापूरच्या बाजूला नवरा-बायकोने लग्नानंतर दोघांनीच फिरायला निघण्याची रीत तशी अलीकडचीच. पहिली सहल ठरलेली असते ती जोतिबाची, आणि तीही अख्खी भावकी घेऊन. हळद अजून उतरलेली नसते, गाडीत सासूबाई, आत्या, करवली आणि खिडकीसाठी भांडणारी चार पोरं. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल-खोबरं उधळलं जातं आणि नवी जोडी नखशिखांत गुलाबी होऊन पायऱ्या उतरते. मग कुणीतरी म्हणतंच, “इथवर आलोयच, तर पन्हाळा बी करून जाऊया.” तेच जोडपं पुढे कधीतरी मोटारसायकलवरून दोघंच येतं आणि पन्हाळगड नव्याने बघतं.

दोघांना एकांत देणारी ठिकाणं पुष्कळ आहेत. वीस माणसांचं कुटुंब सांभाळणारीही आहेत. दोन्ही जमणारी जागा मात्र दुर्मीळ. विशाळगड म्हाताऱ्या माणसांचे गुडघे काढतो. राधानगरी-दाजीपूरचं जंगल सुरेख, पण गवा दिसेपर्यंत गप्प बसायला सांगितलेली लहान मुलं कुणी पाहिली आहेत? पन्हाळ्यावर मात्र गाडी थेट माथ्यावर जाते. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर, वाघबीळचा घाट चढला की समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर आपण एका नांदत्या गावात असतो. इथे शाळा आहे, कचेरी आहे, पेठा आहेत. नळावर भांडी घासणाऱ्या बायकाही आहेत.

ही सोय काही पर्यटन खात्याने केलेली नाही, ती गडाच्या मूळ बांधणीतच आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने पन्हाळा बांधला आणि राजधानीसारखा वापरला. माथ्याचा घेर सात किलोमीटरच्या आसपास आणि आत बरीचशी सपाटी. नुसतं लढायला एवढी जागा लागत नाही, संसार मांडायला लागते.

याचा पुरावा म्हणजे अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. गंगा त्यांतलं सर्वांत मोठं, पंचवीस हजार खंडी धान्य मावेल असं सांगतात. बाहेरच्या जिन्याने छपरावर चढायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी व्यवस्था. आतल्या गारव्यात उभं राहिलं की बापेमाणसं तोफांबद्दल बोलू लागतात आणि आज्जी मात्र विचारते, “एवढ्या धान्याला कीड कशी लागत न्हवती?” माझ्या मते गडावर विचारला जाणारा सगळ्यात शहाणा प्रश्न हाच. कारण १६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज आत महिनोन्महिने तग धरू शकले ते अशा कोठारांच्या आणि पाण्याच्या जोरावरच. मग वेढ्यातून महाराज निसटले ती जुलैमधली पावसाळी रात्र, त्यांचं सोंग घेतलेल्या शिवा काशिदांचं बलिदान, घोडखिंडीत शत्रूला रोखणारे बाजीप्रभू हे सारं इथल्या पोराटोरांना तोंडपाठ असतं.

पाण्याची काळजी बघायची तर अंधारबाव. वरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले, तळाशी विहीर, मधल्या मजल्यातून तटाबाहेर निघणारी चोरवाट. वेढा घालणाऱ्यांनी गडाचं पाणी नासवलं तर काय, या धास्तीतून झालेलं हे काम. शेजारीच ‘तीन दरवाजा’ हे प्रवेशद्वार. त्याचं कोरीवकाम बघण्याजोगं आहे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी साठ गडी घेऊन रातोरात हाच गड स्वराज्यात परत आणला, ही गोष्ट मुलांना सांगावी ती इथे.

आता दोघांबद्दल. त्यांनी तबक बागेच्या गर्दीत वेळ घालवू नये. पुसाटी बुरुजावर जावं, तेही उन्हं कलताना. समोर मसाई पठाराची लांबच लांब सपाटी, खाली दरी, आणि बोलायचं नसेल तर न बोलण्याची मुभा. सज्जा कोठीही जोडप्यांची आवडती, कारण तिच्या झरोक्यांतून सगळं खोरं दिसतं. पण ती जागा खरी आहे बाप-लेकाची. मोगल सरदार दिलेरखानाकडून परतलेल्या संभाजीराजांची आणि महाराजांची भेट १६८० च्या जानेवारीत याच गडावर झाली. ती अखेरची ठरली. एप्रिलमध्ये महाराज गेले. एवढं ठाऊक असलेला माणूस त्या भिंतीवर बाण काढून बदामात नावं कोरणार नाही, असं वाटतं. पण कोरणारे कोरतातच.

इतिहास इथे थांबत नाही. महाराजांच्या सूनबाई ताराराणींनी करवीर म्हणजे कोल्हापूर राज्याचा कारभार इथूनच चालवला आणि १७८२ पर्यंत राजधानी पन्हाळ्यावरच होती. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी गडाचा ‘चार दरवाजा’ पाडला. कवी मोरोपंतांचा जन्म इथला, १७२९ चा. लता मंगेशकरांचाही गडावर बंगला होता.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत पन्हाळा आहे. कोल्हापूरकरांना आनंद झाला, गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना मात्र घराची एक भिंत बांधायलाही आता परवानग्या लागतील का, याची चिंता होती. ती समजून घ्यायला हवी. या बारांतले बरेच किल्ले संध्याकाळी ओस पडतात, इथे संध्याकाळी दिवे लागतात आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

कधी जावं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी घरच्या सगळ्यांसाठी. मसाई पठारावरची फुलं बघायची तर पाऊस ओसरताना. ऐन जुलैत धुकं इतकं उतरतं की तीन दरवाजा चार हातांवरून दिसत नाही. दोघांना ते आवडेल, आजोबांना नाही. २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ताच खचला आणि गाड्या बंद झाल्या होत्या, तेव्हा पावसाळ्यात आधी चौकशी केलेली बरी. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा.

आणि जेवणाचं. चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा, मातीच्या गाडग्यातलं दही. दोघं असाल तर कुठल्याही छपराखाली बसा, पाच मिनिटांत ताट येतं. वीसजण असाल तर अंबरखान्यात शिरण्याआधीच जेवण रांधणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. चाळीस-पन्नास भाकऱ्या थापायला त्यांना तेवढा वेळ लागतोच.