ईमेलचे उत्तर कोण लिहिते?



बोरिवलीच्या कार्यालयात सेक्रेटरींच्या वतीने आपल्या ईमेलना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आहे. हल्ली त्यासाठी एआय मदतनीस वापरतो. "म्हणजे उत्तर यंत्रच देते का?" असे काहींनी विचारले, म्हणून ही माहिती.

मदतनीस आलेले पत्र वाचून उत्तराचा कच्चा मसुदा करतो. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, यावरून तो वाक्ये जुळवतो. आमची हिशेबवही त्याला ठाऊक नसते, त्यामुळे चुकीची गोष्टही तो ठामपणे लिहू शकतो.

उदाहरणार्थ, परदेशातील हितचिंतक विचारतात, "देणगी कोणत्या खात्यात पाठवू?" एफसीआरए कायद्याच्या 2020 मधील दुरुस्तीनुसार परदेशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. मदतनिसाने स्थानिक खाते कळवले, तर संस्थेची नोंदणी धोक्यात येईल आणि पाड्यावरचे काम थांबेल.

म्हणून मी तीन नियम पाळतो.

1. खाते क्रमांक, रक्कम व पावतीचा तपशील स्वतः तपासून लिहितो.

2. मुलांची नावे, फोटो, आजारपण मदतनिसाला देत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

3. पत्र मीच वाचून पाठवतो. फसव्या ईमेलमध्ये मदतनिसासाठी छुपी सूचना असू शकते आणि तो ती पाळूही शकतो.

आपणासही विनंती: खाते बदलल्याचा ईमेल आला, तर पैसे पाठवण्याआधी जुन्या पावतीवरील क्रमांकावर फोन करून खात्री करावी.