बरणीतली सरडी

मुलांनो, सरडा दिसला की तुम्ही काय करता? खरं सांगा हं! दगड उचलता ना? 'सरडा मान हलवून लांबूनच आपलं रक्त पितो' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. लहानपणी मलाही ते खरं वाटायचं. खरं तर मान हलवून तो दुसऱ्या नराला दम देत असतो. विणीच्या दिवसांत नराचं डोकं नि गळा लाल होतो, म्हणून बिचाऱ्यावर हा आळ!

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. चौथीतला एक मुलगा प्लॅस्टिकची बरणी घेऊन माझ्याकडे आला. झाकणाला भोकं पाडलेली, आत गवत, पोळीचे तुकडे नि एक सरडा.

"बाई, मी पाळलाय. शाळेच्या कुंपणात सापडला. पण दोन दिवस काही खात नाही, नि पोट सुजलंय बघा."

आता सरडा पोळी कशी खाणार? त्याला हवेत किडे, नाकतोडे, मुंग्या. पण मी पोट पाहिलं नि चमकलेच. दोन्ही बाजूंनी फुगलेलं, कातडीखाली बारीक गोट्या भराव्यात तसे उंचवटे. "अरे, हा सरडा नाही, सरडी आहे. अंड्यावर आलीय!"

सगळा वर्ग बरणीभोवती जमला. सरडी पुढच्या पायांनी बरणीचा तळ सारखी खरवडत होती. आम्हाला वाटलं, पळायचंय तिला. मग मी एक चूक केली. तिला एका खोक्यात ठेवलं, खाली मूठभर कोरडी वाळू पसरली नि घरी गेले. सकाळी पाहते तर डोळे अर्धे मिटलेले, अंग ढिलं पडलेलं. तो मुलगा रडायलाच लागला.

माझा भाऊ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला. तो माझ्यावरच चिडला. "ताई, तिला खायला नकोय, तिला माती हवीय! ती पळायला नाही, घर खणायला खरवडतेय."

मग त्याने समजावलं. सरडीला अंडी घालायला ओली, भुसभुशीत माती लागते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या संशोधकांनी या सरड्यांचा कितीतरी वर्षं अभ्यास केलाय. योग्य जागा मिळाली नाही, तर मादी अंडी पोटातच रोखून धरते. पण अंडी आत अडकली तर ती दगावूही शकते. परदेशात लोक ऑस्ट्रेलियातला 'बिअर्डेड ड्रॅगन' नावाचा सरडा पाळतात. त्याची मादी अंड्यावर आली, की पेटीत चांगली खोल, ओलसर माती-वाळू देतात, किड्यांना कॅल्शियमची पूड लावून खाऊ घालतात नि तिला हातात घेणं शक्यतो टाळतात. आमच्या सरडीला तर दिवसभर अख्खा वर्ग हाताळत होता!

लगेच तिला मेंदीच्या कुंपणाशी, सापडली तिथेच, सोडलं. थोडा वेळ गप्प बसली नि एकदम सुर्रकन आत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती अशी!

पाऊस अजून नव्हता. मुलांनीच ठरवलं, मधल्या सुट्टीत तिथे रोज दोन बादल्या पाणी ओतायचं नि मांजर फिरकू द्यायची नाही. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या आधी एक मुलगी धापा टाकत आली. "बाई, खणतेय!"

तीच होती. तिच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं. पालीची शेपटी पुन्हा फुटते, या सरड्याची नाही, म्हणून ओळखू आली. आम्ही लांब उभे राहिलो, अगदी चिडीचूप. (आमचा वर्ग चिडीचूप, हे लिहून ठेवण्यासारखंच!) खड्डा करून ती त्यात पाठमोरी बसली. अंडी घातल्यावर माती ओढली, तोंडाने दाबली नि निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. सरड्याची आई पिल्लांसाठी थांबत नाही.

अंडी पाहायची सगळ्यांना घाई. मी नको म्हटलं. अशी अंडी दहा ते वीस असतात, पांढरी, लांबट, चामड्यासारख्या कवचाची. मातीतला ओलावा शोषून ती फुगतात. उकरताना उलटसुलट झाली तर आतला जीव मरू शकतो.

जुलैत वृक्षारोपण होतं. खड्ड्यासाठी नेमकी तीच जागा आखलेली! मुलं कुदळीसमोर जाऊन उभी राहिली. शेवटी झाड चार पावलं सरकलं.

पिल्लं बाहेर यायला सहा-सात आठवडे लागतात. झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी त्या मातीत बोटाएवढं भोक दिसलं. पिल्लू मात्र कुठे नाही. तो चौथीतला मुलगा मधली सुट्टीभर डबा न खाता कुंपणाशी बसून राहिला. घंटा झाली तेव्हा मेंदीच्या काडीवर त्याला एक करड्या रंगाचं पिल्लू दिसलं, शेपटीसकट जेमतेम त्याच्या करंगळीएवढं.

"बाई, धरू नका हं," त्याने मलाच बजावलं.

ती बरणी आता आमच्या वर्गात खडू ठेवायला आहे.