डब्यातली ठुशी भिंतीवर

तायांनो, मागच्या जत्रेत आमच्या गटाचे दागिने पिशव्यांमध्ये टेबलावर पडून होते. गिऱ्हाईक यायचं, चार पिशव्या उचकायचं, "नंतर येते" म्हणून निघून जायचं. संध्याकाळी बघतो तर ठुशीची दोरी मोहनमाळेत अडकलेली. सोडवताना माळच तुटली. यंदा मग घरीच फळा केला.

प्लायचा जुना तुकडा घ्या, दोनेक हात लांब. पुठ्ठा नको, माळांच्या वजनाने तो मधोमध वाकतो. त्यावर गडद सुती कापड ताणून मागून चुका मारा. आम्ही काळं लुगडं वापरलं. मोती काय नि सोनेरी काय, दोन्ही उठून दिसतात. चकचकीत साटीन मात्र घेऊ नका, दागिन्यापेक्षा तेच जास्त चमकतं! माळांचे हूक चार-चार बोटांवर, एक वर एक खाली लावा, म्हणजे गुंता होत नाही. लोंबत्या कानातल्यांसाठी कडेला डासांच्या जाळीची पट्टी ठोका. चापाच्या नथी जाड पुठ्ठ्याच्या पट्टीला चिमटवा.

नथ आणि ठुशी नजरेसमोर येऊ द्या. प्रत्येक दागिन्याला किंमत दोऱ्याने बांधा. काही बायका भाव विचारायला लाजतात, त्या चिठ्ठी वाचून थांबतात.

फळा उन्हात किंवा ओल्या भिंतीवर नको, पॉलिश लवकर जातं. रात्री दागिने पुसून डब्यात ठेवायचे.

आमचा फळा पहिल्याच दिवशी वाऱ्याने आपटला. आता खालची टोकंही सुतळीने बांधतो.