सुपरमॅन कोणाशी लढतो?

मनमाडच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या मालेगावास अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. मालेगाववरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तथापि तो मार्ग होईपर्यंत मालेगावकरास आगगाडीसाठी मनमाडच गाठावे लागणार. ही उणीव तेथील हौशी चित्रपटकारांच्या मात्र आड आली नाही. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला, तेव्हा मूळ चित्रपटातील आगगाडीची जागा बसने घेतली आणि डाकूंच्या घोड्यांची जागा सायकलींनी. जे गावात नाही त्यावाचून अडून बसावयाचे नाही, जे आहे त्यातून काम भागवावयाचे, हा त्यांचा बाणा होता. त्याच बाण्याने पुढे त्यांनी सुपरमॅनलाही मालेगावात उतरविले.

या गोष्टीची आठवण होण्यास निमित्त घडले ते दोन चित्रपटांच्या घरच्या पडद्यावरील आगमनाचे. रीमा कागती यांनी नासिर शेख व त्यांच्या सवंगड्यांच्या आयुष्यावर आधारलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित केला आणि त्याच वर्षी तो घरबसल्या पाहण्याची सोय झाली. जुलैमध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला. अमेरिकेत तर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तो घरोघरी पोहोचला. अशा चित्रपटांवर जे अभिप्राय वाचावयास मिळतात त्यांत चित्र किती स्वच्छ आहे, ध्वनी किती घुमतो आणि नायकाचे उड्डाण किती खरे वाटते याचीच चर्चा अधिक असते. या दोन चित्रपटांचा एकत्र विचार केला, तर मात्र एक निराळाच प्रश्न पुढे येतो. सुपरमॅन किती उंच उडतो, हा मुद्दा गौण आहे. तो कोणाशी लढतो, हा खरा प्रश्न होय.

याचे उत्तर शोधण्यासाठी मुळाकडे गेले पाहिजे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. अमेरिका त्या वेळी मंदीच्या तडाख्यातून पुरती सावरलेली नव्हती. त्या पहिल्याच अंकात सुपरमॅन बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणतो आणि राजधानीत पडद्याआडून सूत्रे हलविणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. त्यानंतरच्या एका गोष्टीत तो खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवून मजुरांचे हाल काय असतात ते दाखवितो. आणखी एका गोष्टीत तो मोडकळीस आलेली गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, हेतू हा की, सरकारला तेथे चांगली घरे बांधणे भाग पडावे. त्याच्या उपायांविषयी मतभेद होऊ शकतील. त्याच्या शत्रूंविषयी मात्र संभ्रम नव्हता. ज्या माणसांनी ते अंक विकत घेतले त्यांच्याच गल्लीतले ते शत्रू होते.

पुढे नायकाचे बळ वाढत गेले आणि त्यासाठी संकटही वाढविणे ओघाने आले. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये तो पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ मागे फिरवितो. २०१८ च्या ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मध्ये तर विश्वातील निम्मी जीवसृष्टी अक्षरशः एका चुटकीसरशी नाहीशी होते. एवढ्या प्रचंड संहाराने प्रेक्षक क्षणभर दिपतो; परंतु रडत नाही. शेजारच्या घरातील एक मृत्यू ज्याला अस्वस्थ करतो त्याला आकाशगंगेचा विनाश स्पर्शही करीत नाही. ही त्याची कोडगी वृत्ती नव्हे. सहानुभूतीला चेहरा लागतो आणि आकड्याला चेहरा नसतो.

चाणाक्ष दिग्दर्शकांना हे ठाऊक असते. म्हणूनच १९७८ च्या चित्रपटात काळाचे चक्र उलटे फिरविणारा नायक एका लहान मुलीचे झाडावर अडकलेले मांजरही खाली उतरवून देतो. गन यांच्या नव्या चित्रपटात शहर दुभंगत असते, दोन देशांत युद्ध पेटलेले असते. पण मनात राहतो तो राक्षसी प्राण्याच्या पायाखाली चिरडू पाहणारी एक खार उचलून बाजूला ठेवणारा सुपरमॅन. कोट्यवधी डॉलरांच्या चित्रपटातील हा सर्वांत स्वस्त प्रसंग असावा आणि कदाचित सर्वांत मोलाचाही.

मालेगावचा सुपरमॅन या मूळ परंपरेचा खरा वारस आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. आठवडाभर मागांचा खडखडाट चालावयाचा आणि शुक्रवारी सुट्टी मिळाली की कामगारांचे पाय चित्रपटगृहांकडे व व्हिडिओ पार्लरकडे वळावयाचे. अशाच कष्टकऱ्यांपैकी शफीक शेख हे किडकिडीत अंगाचे यंत्रमाग कामगार त्या चित्रपटात सुपरमॅन झाले. या निर्मितीची कहाणी फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या अनुबोधपटात टिपली आहे. नायकाला हवेत उडविण्यासाठी मागे हिरवे कापड ताणले जाते, मोलाचा कॅमेरा पाण्यात पडून काम खोळंबते, चित्रीकरणाच्या धामधुमीतच नायकाचे लग्न लागते. हसता हसता पाहणाऱ्याचा कंठ दाटून यावा, असा हा अनुबोधपट आहे.

या सुपरमॅनचा शत्रू कोण? परग्रहावरील सम्राट नव्हे, तर तंबाखूच्या धंद्यावर पोसलेला खलपुरुष. गावाच्या नाक्यानाक्यावर ज्याच्या पुड्या लटकत असतात तो शत्रू या मंडळींनी निवडला. तो कोणत्याही परदेशी पटकथेत सापडला नसता. त्यासाठी डोळे उघडे ठेवून आपल्याच रस्त्यावरून चालावे लागते. महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली ती जुलै २०१२ मध्ये. त्याच वर्षी तो अनुबोधपट भारतातील चित्रपटगृहांत लागला. तो पाहण्यास शफीक शेख हयात नव्हते. पडद्यावर तंबाखूशी झुंजणाऱ्या या कामगाराला कर्करोगाने नेले होते. १९३८ च्या सुपरमॅनचे शत्रू त्याच्या वाचकांच्या गल्लीत राहत. मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रूही तितकाच जवळचा होता.

हे सारे शक्य झाले ते घरगुती चित्रफितीमुळे. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस पद्धतीचे यंत्र बाजारात आले आणि आठ-दहा वर्षांत भारतातील लहान गावांतून व्हिडिओ पार्लर उभी राहिली. नासिर शेख स्वतः असेच पार्लर चालवीत. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली ही मंडळी तेथे पडद्यावर येत. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला चित्रपट जसा समोर येईल तसा पाहावा लागतो. चित्रफितीच्या मालकाला मात्र तो थांबविता येतो, मागे नेता येतो, पुन्हा पुन्हा पाहता येतो. घड्याळ उघडून पाहणारे मूल जसे घड्याळजी होऊ शकते, तसा चित्रपट उघडून पाहणारा प्रेक्षक चित्रपटकार होऊ शकला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे उचित होणार नाही. व्हिडिओ पार्लरांतून विनापरवाना चित्रपट दाखविण्याचा रोग इतका फैलावला होता की, १९८४ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा तीन वर्षांच्या कारावासापर्यंत वाढवावी लागली. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ फुकट चाखण्याचे समर्थन कलाप्रेमाच्या नावाखालीही करता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या चित्रपटांत नायिका गावाबाहेरून आणाव्या लागत. मालेगावच्या मुलींना कॅमेऱ्यासमोर येण्याची मोकळीक नव्हती. अर्धे गाव ज्या स्वप्नाच्या बाहेर उभे आहे, ते स्वप्न अपुरे आहे असेच म्हणावे लागेल. तिसरा आक्षेप नकलेचा. तो मात्र टिकत नाही. विडंबनात मूळ कृतीशी जो खेळ होतो त्यातूनच स्वतःचा आवाज सापडतो. मालेगावच्या चित्रपटातील बोली, विनोद आणि दुःख कोठूनही उसने आणलेले नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. ज्या चित्रपटासाठी पूर्वी फीत शोधत हिंडावे लागे तो आता हातातील फोनवर येतो आणि त्याच फोनमध्ये नासिर शेख यांच्या पहिल्या कॅमेऱ्याहून सरस कॅमेरा असतो. साधन घरोघरी आले. पण पाहणारे वाढले त्या प्रमाणात करणारे वाढले काय, हा प्रश्न शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावयास हवा. मनमाडच्याच मुलांनी उद्या आपला सुपरमॅन उभा करावयाचे ठरविले, तर त्यांना शत्रू शोधण्यास लांब जावे लागणार नाही. कित्येक उन्हाळ्यांत ज्या गावाने नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहिली, त्या गावाचा महानायक कोरड्या नळाशी झुंजेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकले बसविले जाते. त्याच्या जोडीस दहा मिनिटांचा चित्रपट करावयास काय हरकत आहे? त्यात मुलींचा वाटा बरोबरीचा असेल, तर मालेगावच्या प्रयोगातील उणीवही भरून निघेल.

दुसरे काम जपणुकीचे आहे. चुंबकीय फिती दमटपणाने बिघडतात, तबकड्या ओरखड्यांनी निकामी होतात आणि फिती चालविणारी यंत्रे तर २०१६ पासून जगात बनविलीच जात नाहीत. मोठ्या कंपन्यांचे चित्रपट त्या कंपन्या सांभाळतील. गावात, गावासाठी झालेल्या चित्रपटांना असा वाली नसतो. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. परंतु प्रत्येक गोष्टीसाठी पुण्याकडे पाहण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने वा सार्वजनिक वाचनालयाने निर्मात्यांची रीतसर संमती घेऊन या चित्रपटांच्या प्रती उतरवून ठेवल्या, तर तो खर्च फार मोठा होणार नाही. हॉलिवूडचा सुपरमॅन आणखी पन्नास वर्षांनीही कोठेतरी पाहावयास मिळेल. यंत्रमागावरून उठून आलेल्या सुपरमॅनची फीत मात्र एकदा पुसली गेली की, ती पुन्हा मिळावयाची नाही.