कोलेस्टेरॉलची गोळी : लाभ किती, त्रास किती?

छत्रपती संभाजीनगरात पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींच्या गप्पांमध्ये रक्तदाब आणि साखर हे दोन विषय पूर्वीपासून हमखास असत. आता त्यांत कोलेस्टेरॉलची भर पडली आहे. सिद्धार्थ उद्यानात किंवा विद्यापीठ परिसरात सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या औषधांच्या डबीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अथवा रोसुव्हास्टॅटिन यांपैकी एक गोळी असते. ही गोळी हृदयाचे रक्षण करते, असे डॉक्टर सांगतात. त्याच गोळीने स्नायू झिजतात, यकृत बिघडते आणि मधुमेह जडतो, असे मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला रुग्ण पुष्कळदा कोणालाही न विचारता गोळी बंद करून मोकळा होतो. हा निर्णय काहींच्या बाबतीत निरुपद्रवी ठरतो, तर काहींच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या औषधाच्या दोन्ही बाजू नीट तोलून पाहणे अगत्याचे आहे.

मराठवाड्यात तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हृदयविकाराचा झटका आल्यानंतर उपचारांसाठी मिनिटामिनिटाला महत्त्व असते. परंतु खेड्यापाड्यांतील रुग्णाला ‘घाटी’सारखे मोठे रुग्णालय गाठण्यातच मोलाचा वेळ खर्ची पडतो. अशा भागात झटका मुळात येऊच नये, यासाठी केलेल्या उपायांचे मोल अधिक आहे. त्यातच दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या तुलनेत कमी वयात येतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या आधारे केलेल्या विश्लेषणात दक्षिण आशियाई रुग्णांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय सुमारे ५३ वर्षे, तर अन्य देशांतील रुग्णांचे सुमारे ५९ वर्षे आढळले.

बुरशीतून सापडलेले औषध

कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नव्हे. पेशींचे आवरण, काही संप्रेरके आणि पित्तरस तयार होण्यासाठी तो आवश्यक असतो. त्याचा मोठा वाटा आहारातून येत नाही, तर शरीरातच तयार होतो. रक्तातून तो वाहून नेणाऱ्या कणांपैकी ‘एलडीएल’ या प्रकाराचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिले, की धमन्यांच्या अस्तरात चरबीचे थर साचू लागतात. असा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशींची तपासणी करून १९७३ साली असे एक द्रव्य शोधले, जे कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला अटकाव करते. स्टॅटिन गटातील औषधांची ही सुरुवात होय. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावली, की यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि रक्तातील पातळी उतरते, असे या औषधाचे कार्य आहे.

लाभाचे पारडे

केवळ अहवालातील आकडा उतरणे म्हणजे लाभ नव्हे. माणसे वाचली पाहिजेत. याचा पहिला भक्कम पुरावा १९९४ साली स्कॅन्डिनेव्हियातील देशांत झालेल्या अभ्यासातून मिळाला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत औषध न मिळालेल्या गटात २५६, तर औषध घेणाऱ्या गटात १८२ मृत्यू झाले.

त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले, तर झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचा धोका साधारण एक पंचमांशाने घटतो. मात्र हा ‘एक पंचमांश’ सर्वांच्या बाबतीत सारखा मोलाचा नसतो, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. समजा, एखाद्या गटातील शंभर जणांपैकी वीस जणांना येत्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता आहे. तेथे गोळीमुळे चौघे वाचतील. दुसऱ्या गटात शंभरांपैकी पाच जणांनाच धोका असेल, तर तेथे एकच जण वाचेल. औषध तेच, टक्केवारीही तीच. परंतु प्रत्यक्ष लाभ चौपट वेगळा. म्हणून ‘माझे कोलेस्टेरॉल किती?’ या प्रश्नाइतकाच ‘माझा एकूण धोका किती?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वय, धूम्रपान, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि घराण्यातील हृदयविकार यांवर तो धोका ठरतो.

त्रासाचे पारडे

सर्वाधिक तक्रार असते ती स्नायूंच्या दुखण्याची. चाळिशीनंतर अंगदुखी औषध न घेणाऱ्यांनाही असतेच. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली होती. म्हणजेच गोळी घेताना जाणवणाऱ्या दुखण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुखणी गोळीमुळे नव्हती. औषधामुळे खरोखर होणारा त्रास मुख्यतः पहिल्या वर्षात दिसून आला. याचा अर्थ रुग्णाचे दुखणे खोटे असते, असा मुळीच नाही. दुखणे खरेच असते. त्याचे कारण मात्र अनेकदा दुसरे असते. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार ही त्यांतील नेहमीची कारणे होत.

स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होऊन मूत्रपिंडावर आघात होणे, हा गंभीर प्रकार मात्र खरा आहे. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणामुळे ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. सध्या वापरात असलेल्या स्टॅटिनमध्ये हा प्रकार अत्यंत विरळा आहे. तरीही तीव्र स्नायुदुखी, अशक्तपणा आणि गडद, चहाच्या रंगाची लघवी ही लक्षणे एकत्र दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, बुरशीवरील इट्राकोनॅझोल किंवा जेमफायब्रोझिल यांसारखी औषधे काही स्टॅटिनबरोबर घेतल्यास हा धोका वाढतो. तेव्हा नवे औषध घेताना आपली जुनी गोळी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

मधुमेहाविषयीची भीतीही निराधार नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतल्यास मधुमेहाचा एक जादा रुग्ण आढळतो. हे बहुधा ज्यांची साखर आधीच सीमारेषेवर असते त्यांच्या बाबतीत घडते. अशा व्यक्तींनी गोळी टाळण्यापेक्षा साखरेवर नजर ठेवावी, वजन आटोक्यात ठेवावे. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याने गोळीचा लाभ उलट जास्तच होतो.

यकृताच्या तपासणीतील आकडे काहींच्या बाबतीत किंचित वाढतात. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये यकृताची तपासणी ठरावीक काळाने पुनःपुन्हा करण्याची अट काढून टाकली. उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे दिसल्यास तपासणी पुरेशी मानली जाते.

दोन्ही पारडी एकत्र

‘लॅन्सेट’मधील २०१६ च्या आढाव्याने हा हिशेब एकत्र मांडला. दहा हजार जणांनी पाच वर्षे प्रभावी मात्रेत औषध घेतले, तर आधीच हृदयविकार असलेल्यांमध्ये सुमारे एक हजार आणि केवळ धोका अधिक असलेल्यांमध्ये सुमारे पाचशे जणांच्या गंभीर घटना टळतात. त्याच दहा हजारांत स्नायूंच्या गंभीर विकाराचे सुमारे पाच, मेंदूतील रक्तस्रावाचे पाच ते दहा आणि मधुमेहाचे पन्नास ते शंभर जादा रुग्ण आढळू शकतात.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी अथवा बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी लाभाचे पारडे निःसंशय जड आहे. चाळिशीपुढील मधुमेही आणि एलडीएल १९० च्या वर असणारे यांनाही हेच लागू पडते. याउलट, तिशीतील, निर्व्यसनी आणि अन्य कोणताही धोका नसलेल्या व्यक्तीचे कोलेस्टेरॉल किंचित वाढले असेल, तर आधी आहार, व्यायाम व वजन यांकडे लक्ष देण्यास वाव असतो. पंचाहत्तरीपुढील निरोगी वृद्धांना प्रथमच गोळी सुरू करण्याबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही. तेथे रुग्णाच्या इच्छेलाही महत्त्व द्यावे. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत गोळी सामान्यतः थांबवली जाते.

लसूण, हळद, दालचिनी यांच्या गोळ्यांवर विसंबून राहणाऱ्यांसाठीही एक निष्कर्ष उपलब्ध आहे. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिनच्या केवळ ५ मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. लसूण, हळद, दालचिनी यांच्या पूरक गोळ्यांनी मात्र औषधविरहित गोळीच्या तुलनेत लक्षणीय घट झाली नाही. स्वयंपाकघरात या पदार्थांचे स्थान आहेच. परंतु ते औषधाची जागा घेत नाहीत.

बंद करण्यापूर्वी

गोळी सोसत नसेल तर ‘घ्या किंवा सोडा’ एवढेच दोन मार्ग नसतात. मात्रा कमी करता येते, गटातील दुसरे औषध देता येते किंवा एक दिवसाआड गोळी घेता येते. मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल आणखी केवळ सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यामुळे अर्ध्या मात्रेनेही बराचसा लाभ टिकतो. एझेटिमाइबची जोड देणे, बेम्पेडोइक आम्ल वापरणे किंवा फार अधिक धोका असणाऱ्यांना इंजेक्शने देणे, हेही पर्याय आहेत. खर्चाची अडचण असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून जनऔषधी केंद्रांवर जेनेरिक गोळ्या स्वस्तात मिळतात.

परस्पर गोळी सोडण्याची किंमत काय असू शकते, याची कल्पना डेन्मार्कमधील एका व्यापक अभ्यासावरून येते. १९९५ ते २०१० या काळातील नोंदींचा त्यात अभ्यास झाला. स्टॅटिनविषयी प्रतिकूल बातम्या आल्यानंतर औषध लवकर सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि औषध सोडणाऱ्यांमध्ये झटक्याचे व हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही अधिक होते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. येत्या दहा वर्षांत मला झटक्याचा धोका किती? गोळीने तो कितीने घटेल? त्रास झाल्यास पर्याय कोणता? ही उत्तरे हाती आल्यावर घेतलेला निर्णय, मग तो गोळी घेण्याचा असो वा तूर्त थांबण्याचा, मोबाइलवरील संदेशावरून घेतलेल्या निर्णयापेक्षा निश्चितच अधिक सुरक्षित असेल.